झोन दाखला, भाग नकाशा आणि मोबाइलवरचा डीपी: कोणत्या कागदावर किती भिस्त ठेवावी

जमीन घेण्याआधी नगररचना कार्यालयातून दोन कागद काढता येतात, झोन दाखला आणि भाग नकाशा. तिसरा पर्याय घरबसल्या मिळणारा, म्हणजे वेबसाइटवरचा डीपीचा, म्हणजे विकास योजनेचा (आराखड्याचा) नकाशा. तिन्हींची एकमेकांशी तुलना करायची तर आमचं मत सरळ आहे. भाग नकाशा सगळ्यात कामाचा, झोन दाखला त्याच्या जोडीला आणि ऑनलाइन नकाशा फक्त पहिल्या चाचपणीपुरता. लोक नेमका उलटा क्रम लावतात. मोबाइलवर पिवळा, म्हणजे निवासी विभागाचा, रंग दिसला की विसार देऊन मोकळे होतात, बँकेने मागितला तर दाखला काढतात आणि भाग नकाशा 'एजंट बघून घेईल' म्हणून सोडून देतात.

झोन दाखला म्हणजे एक-दोन परिच्छेदांचं पत्र. अमुक गावचा अमुक सर्व्हे नंबर मंजूर विकास योजनेत कोणत्या विभागात (झोनमध्ये) येतो, त्यातून रस्ता जातो का, सार्वजनिक वापरासाठीचं आरक्षण आहे का, एवढं त्यात लिहिलेलं असतं. भाग नकाशा म्हणजे त्याच योजनेच्या नकाशातला तुमच्या जमिनीच्या आसपासचा तुकडा, सही-शिक्क्यासह. दाखल्यातून कर्मचाऱ्याने नकाशात काय वाचलं ते कळतं. भाग नकाशा हातात असला की तुम्हाला स्वतःला वाचता येतं आणि शेजारी काय येऊ घातलंय तेही दिसतं. तुमचा गट निवासी विभागात असेल, दाखला स्वच्छ असेल, आणि पलीकडच्या गटावर कचरा डेपो, दहनभूमी किंवा मैलाशुद्धीकरण केंद्राचं आरक्षण असेल, तर दाखला त्याबद्दल चकार शब्द काढणार नाही. त्याला विचारलेलंच नसतं. म्हणून फक्त दाखला काढणं ही अर्धी खरेदी आहे. दोन्ही कागद एकाच अर्जावेळी मागावेत.

खिडकी कोणती

चुकीची सुरुवात इथूनच होते. जमीन महापालिका, नगरपरिषद किंवा नगरपंचायतीच्या हद्दीत असेल तर त्या संस्थेचा नगररचना विभाग. हद्दीबाहेर ग्रामपंचायतीत असेल तर तिथे बहुधा प्रादेशिक योजना लागू असते आणि दाखला जिल्ह्याच्या नगररचना शाखा कार्यालयातून मिळतो. ग्रामपंचायतीने लेटरहेडवर 'सदर जमीन निवासी क्षेत्रात येते' असं लिहून दिलं तरी त्याला झोन दाखल्याची किंमत नाही, कारण तो नकाशा ग्रामपंचायतीच्या ताब्यातच नसतो. अशी पत्रं फाइलींना जोडलेली सर्रास दिसतात.

तिसरा प्रकार विशेष नियोजन प्राधिकरणांचा. सिडको, एमआयडीसी, महानगर प्रदेश विकास प्राधिकरणं यांच्या अखत्यारीतल्या जमिनींसाठी खिडकी वेगळी. इथे मेख अशी की घरपट्टी घेणारी संस्था आणि आराखडा करणारी संस्था एकच असेल असं नाही. पुण्यात २०२१ साली २३ गावं महापालिकेत आली, पण त्यांच्या नियोजनाचं काम पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे (पीएमआरडीए) गेलं. पाणी, कचरा, मिळकतकर महापालिकेकडे आणि नकाशा दुसरीकडे. (१९९७ साली आलेल्या गावांपैकी शेवटी महापालिकेत राहिली तीही २३च. त्यामुळे 'तेवीस गावांचा डीपी' असं कोणी म्हणालं तर कोणती तेवीस, हे आधी विचारावं. पहिल्या तेवीस गावांमधल्या टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचं, म्हणजे बीडीपीचं आरक्षण आहे आणि तो विषय पूर्ण निराळा आहे.)

मुंबईत कागदाचं नावच बदलतं. तिथे 'डीपी रिमार्क' म्हणतात आणि सर्व्हे नंबरऐवजी सीटीएस, म्हणजे सिटी सर्व्हेचा, नंबर चालतो. ऑनलाइन रिमार्क देण्याची मुंबई महापालिकेची सोय राज्यात उजवी म्हणावी लागेल. २०३४ पर्यंतची विकास योजना ८ मे २०१८ रोजी मंजूर झाली, तिच्यावर आधारित रिमार्क घरबसल्या निघतो. बाकी राज्यात अजून खिडकी आणि चलन हेच खरं, पोर्टल असलं तरी.

कोणत्या आराखड्याचा दाखला

एका जमिनीला एका वेळी दोन आराखडे लागू असू शकतात, हे खरेदीदाराला सहसा कोणी सांगत नाही. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ मध्ये क्रम असा आहे: कलम २३ खाली आराखडा तयार करण्याचा इरादा जाहीर होतो, कलम २५ खाली विद्यमान जमीन वापराचं सर्वेक्षण आणि नकाशा होतो, कलम २६ खाली प्रारूप (कच्चा आराखडा) प्रसिद्ध होऊन हरकती-सूचना मागवतात, कलम २८ खाली नियोजन समिती सुनावणी घेते, कलम ३० खाली प्रारूप शासनाकडे जातं आणि कलम ३१ खाली मंजुरी मिळते. हा प्रवास वर्षानुवर्षं चालतो. मधल्या काळात जुना मंजूर आराखडा जिवंत असतो आणि नवा प्रारूपही दुर्लक्षून चालत नाही, कारण परवानगी देताना प्राधिकरणाने प्रारूप आराखड्याचाही विचार करायचा आहे, असं कलम ४६ सांगतं. जुन्यात निवासी आणि प्रारूपात बगीचा असेल तर परवानगी अडकते. दोन्हींपैकी जे कडक ते धरून चालावं.

म्हणून अर्जात एक वाक्य आवर्जून घालावं: 'मंजूर विकास योजना तसेच प्रसिद्ध झालेली प्रारूप किंवा सुधारित योजना, या दोन्हींनुसार माहिती द्यावी.' हे वाक्य नसेल तर बहुतेक कार्यालयं मंजूर योजनेपुरतंच लिहून देतात, आणि त्यांचं चुकतंय असंही म्हणता येत नाही.

आणखी एक गुंतागुंत 'ईपी'ची, म्हणजे वगळलेल्या भागाची. मंजुरी देताना शासनाला एखाद्या भागात मोठा बदल करायचा असेल तर तेवढा भाग वगळून बाकीचा मंजूर होतो. वगळलेल्या भागावर पुन्हा हरकती मागवल्या जातात आणि निर्णय मागाहून येतो. तोवर तिथल्या जमिनी लटकलेल्या. अशा जमिनीच्या दाखल्यात ईपीचा क्रमांक यायलाच हवा. मंजुरीच्या अधिसूचनेला जोडलेल्या तक्त्यात तो असतो, तेव्हा दाखल्यात दिसला नाही तर तक्ता स्वतः पडताळावा.

आराखड्याचं वयही बघावं. कलम ३८ प्रमाणे २० वर्षांतून किमान एकदा सुधारणा व्हायची असते. आराखडा १७-१८ वर्षांचा झाला असेल तर आजचा दाखला खरा असूनही अल्पायुषी आहे. इरादा जाहीर झालाय का, हे खिडकीवर तोंडी विचारलं तरी कळतं. जाहीर झाला असेल तर जमिनीचा वापर बदलायला परवानगी लागते आणि नव्या नकाशात रंग बदलण्याची शक्यता धरूनच भाव करावा.

अर्ज भरताना

कागद मोजकेच: अर्ज, अलीकडचा सातबारा किंवा मिळकत पत्रिका, गटाचा नकाशा, आणि असेल तर मोजणीची 'क' प्रत (भूमी अभिलेख खात्याने मोजून दिलेला नकाशा). शुल्क संस्थेनुसार बदलतं, त्याचं चलन जोडायचं. मालकच असावं लागतं असं नाही, मात्र काही ठिकाणी खरेदीदाराकडून मालकाचं संमतिपत्र मागतात. वाद घालण्यापेक्षा ते दिलेलं बरं.

खरी अडचण नंबरात आहे. एकत्रीकरण योजना (विखुरलेले जमिनीचे तुकडे एकत्र करण्याची) झालेल्या गावांत सातबारावर गट नंबर असतो, पण जुन्या आराखड्याचा नकाशा बऱ्याचदा जुन्या सर्व्हे नंबरांवर बेतलेला असतो. सर्व्हे नंबर ७२ आणि गट नंबर ७२ या दोन वेगळ्या जमिनी, कधीकधी गावाच्या दोन टोकांना. अर्जात नुसतं '७२' लिहिलं तर दाखला भलत्याच जमिनीचा येतो, आणि तो सही-शिक्क्याचा असल्यामुळे कोणाला शंकाही येत नाही. यावर उपाय म्हणजे भूमी अभिलेख कार्यालयातून एकत्रीकरणाचा ९(३), ९(४) उतारा काढायचा, जुना-नवा मेळ घालायचा आणि अर्जात दोन्ही नंबर स्पष्ट लिहायचे: 'गट नं. अमुक (जुना स.नं. अमुक)'. सिटी सर्व्हे झालेल्या भागात सीटीएस नंबरही सोबत द्यावा.

पुढचा घोळ हिश्शांचा. विकास योजनेच्या नकाशावर मूळ सर्व्हे नंबरची हद्द असते, पोटहिस्से नसतात. स.नं. ४५ मधून १८ मीटर रस्ता जातो असं दाखला सांगेल. तुमचा हिस्सा ४५/३/२ रस्त्यात येतो की नाही, हे त्याला ठाऊक नसतं. मग तो 'स.नं. ४५ पैकी काही भाग रस्त्याने बाधित' असं लिहितो. या वाक्यावर विक्रेता म्हणतो की बाधित भाग दुसऱ्या भावाचा आहे, आणि तो दुसरा भाऊही त्याच्या गिऱ्हाइकाला हेच सांगत असतो. फाळणी नकाशा (पोटहिश्शांच्या हद्दी दाखवणारा) किंवा हिश्शाच्या मोजणीची 'क' प्रत जोडल्याशिवाय ही संदिग्धता सुटत नाही. जोडल्यास काही कार्यालयं हिश्शानुसार लिहून देतात, काही देत नाहीत.

भाग नकाशा कसा वाचायचा

आधी सूची बघा. निवासी पिवळा, औद्योगिक जांभळा, शेती फिका हिरवा, हे ढोबळमानाने खरं. पण बगीचा, ना-विकास, वन, टेकडी उतार यांच्या हिरव्या छटा एका झेरॉक्समध्ये सारख्याच काळ्या होतात. भाग नकाशा रंगीतच मागावा. काळी-पांढरी प्रत मिळत असेल तर आरक्षणांचे क्रमांक वाचता येतात ना, ते तिथल्या तिथे तपासावं.

मग प्रमाण. हा भाग नकाशाचा मोठा दोष आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. नकाशा १:१०,००० प्रमाणात असेल तर कागदावरचा १ मिलिमीटर म्हणजे जमिनीवर १० मीटर. २० मीटर रुंद आणि ५० मीटर लांब प्लॉट घ्या. क्षेत्र १,००० चौरस मीटर, म्हणजे जेमतेम १० गुंठे (एक गुंठा सुमारे १०१.१७ चौ.मी.). कागदावर तो २ मिलिमीटर बाय ५ मिलिमीटरचा ठिपका असतो. रस्त्याची किंवा विभागाची रेघ लांबीच्या बाजूने १ मिलिमीटर सरकली की ५०० चौ.मी. गेले, म्हणजे निम्मा प्लॉट. १:५,००० वर तीच चूक २५० चौ.मी. ची. खुद्द रेघेची जाडी अर्ध्या मिलिमीटरची असू शकते. आता झेरॉक्स मशीन 'पानात बसवा' म्हणून नकाशा लहान करतं हे त्यात मिळवा. पट्टीने अंतर मोजायचंच असेल तर छापलेल्या १:१०,००० या आकड्यावर विसंबू नका, नकाशावर काढलेली रेषापट्टी असते तिच्याशी ताडून मोजा. प्रत लहान-मोठी झाली तरी ती पट्टी सोबतच बदलते.

एवढ्याने भागत नाही. रेघ तुमच्या हद्दीपासून लांब असेल, कागदावर एक सेंटिमीटर वगैरे, तर भाग नकाशा पुरेसा आहे. रेघ हद्दीला चिकटून किंवा हद्दीतून जात असेल तर त्या कागदावर व्यवहार करू नये. अशा वेळी आधी भूमी अभिलेखकडून मोजणी करून 'क' प्रत घ्यायची, ती नगररचना विभागाला देऊन रस्ता किंवा आरक्षण त्यावर आखून मागायचं. याला डिमार्केशन किंवा सीमांकन म्हणतात. वेळ आणि पैसे दोन्ही लागतात, पण किती क्षेत्र हातात राहणार हे ठामपणे सांगणारा दुसरा कागद नाही.

रुंदीकरणाच्या रस्त्याबाबत एक बारकावा. १२ मीटरचा रस्ता २४ होणार असेल तर दोन्ही बाजूंना ६-६ मीटर जाणार असं गृहीत धरतात. बहुतेकदा तसंच असतं, पण एका बाजूला नाला, देऊळ किंवा जुनी वस्ती असेल तर आखणी पूर्णपणे दुसऱ्या बाजूला सरकवलेली असू शकते. नकाशातली नवी रेघ मध्यरेषेपासून दोन्हीकडे सारखी आहे का, ते बघावं.

रस्त्याची रुंदी बांधकामाच्या गणितातही येते. राज्याची एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली, म्हणजे यूडीसीपीआर, डिसेंबर २०२० पासून मुंबई आणि काही प्राधिकरणं वगळता लागू झाली. तीत दाट वस्तीबाहेरच्या निवासी जमिनीला मूळ एफएसआय (जमिनीच्या क्षेत्राच्या तुलनेत किती बांधकाम करता येतं ते प्रमाण) १.१० आहे. त्यावर प्रीमियम (पैसे भरून मिळणारा जादा एफएसआय) आणि टीडीआर (जमीन दिल्याच्या बदल्यात मिळणारा हस्तांतरणीय विकास हक्क) किती चढवता येतो, ते समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरतं, आणि टप्पे ९, १२, १५, २४, ३० मीटर असे आहेत. दाखल्यात नुसतं 'रस्त्यालगत' असं लिहिलेलं असेल तर रुंदी लिहून मागा. जमीन दाट वस्तीत येते की बाहेर, हेही लिहून मागा. दोन्हीकडे 'निवासी' हाच शब्द असतो आणि नियम वेगळे असतात.

दाखला ज्याबद्दल गप्प राहतो

मालकी, भोगवटा वर्ग, कूळ, इनाम, आदिवासी जमिनीवरचे निर्बंध, यातलं काही झोन दाखल्यात नसतं आणि असण्याची अपेक्षाही धरू नये. ते सातबारा आणि फेरफारात बघायचं. लेआउट मंजूर आहे का, हेही त्यात नसतं. गुंठ्या-गुंठ्याने पाडलेल्या प्लॉटांच्या जाहिरातीत झोन दाखला मोठा करून छापतात. तो खराच असतो, जमीन निवासी विभागातच असते, पण लेआउट मंजूर झालेला नसतो. दाखला खरा आहे म्हणून प्लॉट कायदेशीर ठरत नाही.

पूररेषेच्या बाबतीत मात्र आम्ही कार्यालयांना झुकतं माप देणार नाही. निळी पूररेषा २५ वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची. नदीपात्र ते निळी रेषा हे निषिद्ध क्षेत्र, निळी ते लाल हे नियंत्रित क्षेत्र. ज्या आराखड्यांवर या रेषा चढवल्या आहेत तिथल्या दाखल्यातही अनेकदा फक्त 'निवासी विभाग' एवढंच येतं, कारण विभाग खरोखर निवासीच असतो. नदी किंवा मोठा ओढा जवळ असेल तर अर्जात पूररेषेचा प्रश्न स्वतंत्रपणे विचारा आणि उत्तर नाही आलं तर जलसंपदा विभागाकडे जा. किनारपट्टीवर सीआरझेडचं, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राचं, तसंच, त्याचे नकाशे निराळे. उच्चदाब वीजवाहिनी, संरक्षण खात्याची हद्द, विमानतळाची उंची मर्यादा, खासगी वन, यांचीही उत्तरं वेगवेगळ्या दारी मिळतात.

बिनशेतीबद्दल गैरसमज आहे तो असा: निवासी झोन म्हणजे जमीन आपोआप एनए (बिनशेती) झाली. जमीन महसूल संहितेच्या कलम ४२ब मुळे अंतिम विकास योजनेतल्या जमिनीला जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वीसारखी स्वतंत्र बिनशेती परवानगी लागत नाही हे खरं, पण देय रकमा भरून महसुली नोंद करून घ्यावीच लागते, आणि भोगवटा वर्ग २ च्या (सरकारी अटींवर धारण केलेल्या) जमिनीला तिच्या अटी सुटत नाहीत. गावठाणालगतच्या जमिनींना कलम ४२ड चा फायदा २०० मीटरपर्यंत मिळतो. हे अंतर गावठाणाच्या नकाशातल्या हद्दीपासून मोजतात. गावातल्या शेवटच्या घरापासून नाही. वस्ती गावठाणाबाहेर अर्धा किलोमीटर पसरलेल्या गावांत यावरून बरेच सौदे फसतात.

आरक्षण निघालं तर

दाखल्यात आरक्षण आलं की लोक जमीन सोडून देतात किंवा 'दहा वर्षं झाली, आता आरक्षण उठलं' या बोलीवर स्वस्तात घेतात. दुसरा प्रकार जास्त धोक्याचा. कलम १२७ नुसार अंतिम योजना अमलात आल्यापासून १० वर्षांत जमीन संपादित झाली नाही, तर मालकाला किंवा हितसंबंध असलेल्या व्यक्तीला मालकीच्या कागदांसह प्राधिकरणाला नोटीस देता येते. नोटीस मिळाल्यापासून २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली गेली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे उठतं, आणि लगतच्या जमिनीला जो वापर अनुज्ञेय तो मिळतो. ही मुदत आधी ६ महिने होती, २००९ मध्ये १२ झाली आणि २०१५ पासून २४ आहे. जुन्या फाइलींमध्ये '६ महिने' दिसतं ते त्यामुळे.

यात दोन गोष्टी ध्यानात ठेवायच्या. १० वर्षं झाली म्हणून आपोआप काही होत नाही, नोटीस द्यावीच लागते आणि ती कागदपत्रांशिवाय दिली तर तिला किंमत नाही. दुसरं, नोटीस देण्याआधीच सुधारित आराखडा मंजूर होऊन त्यात तेच आरक्षण कायम राहिलं, तर १० वर्षं नव्याने मोजली जातात. म्हणून आरक्षणाच्या जमिनीचा दाखला घेताना योजना कोणत्या तारखेला अमलात आली ती तारीख लिहून मागा. नोटीस दिल्याचा दावा असेल तर पोचपावती बघा, आणि आरक्षण उठल्याचा दावा असेल तर राजपत्रातली अधिसूचना बघा. वकिलाचं मत हा तिचा पर्याय नाही.

संपादन नको असेल तर कलम १२६ खाली टीडीआरचा मार्ग आहे. यूडीसीपीआरमध्ये आरक्षणाखालच्या जमिनीला साधारणपणे दाट वस्तीत तिप्पट आणि बाहेर दुप्पट टीडीआर मिळतो. आकडा भुरळ घालतो, पण जमीन मोजून, निर्वेध करून, प्राधिकरणाच्या नावावर केल्यावरच टीडीआरचं विकास हक्क प्रमाणपत्र हाती येतं. वारसांचा वाद असलेल्या जमिनीत तिथेच गाडी अडते.

ऑनलाइन नकाशे

नगररचना संचालनालयाच्या संकेतस्थळावर मंजूर विकास योजना आणि प्रादेशिक योजनांच्या पीडीएफ आहेत. फुकट आहेत आणि अधिसूचनेच्या तक्त्यांसह मिळाल्या तर उत्तम. त्यांचा दोष एकच, पण मोठा. मंजुरीनंतर कलम ३७ खाली झालेले फेरबदल त्या पीडीएफवर चढतीलच याची खात्री नाही. एखादं आरक्षण बदललं, रस्ता सरकला, शुद्धिपत्रक निघालं, तरी स्क्रीनवर जुनंच दिसत राहतं. कार्यालयातल्या प्रतीवर हे फेरबदल नोंदवलेले असतात किंवा असायला हवेत, आणि भाग नकाशा त्या प्रतीवरून निघतो. त्याची किंमत मोजायची ती याचसाठी.

व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या, उपग्रह चित्रावर डीपी चढवलेल्या फाइली आणखी एक पायरी खाली. कोणीतरी पीडीएफ ताणून-ओढून दोन-चार चौकांशी जुळवलेली असते. मधल्या भागात ती बरोबर बसते आणि कडेला २०-३० मीटर सरकलेली असू शकते. त्यात महाभूनकाशा या सरकारी संकेतस्थळावरच्या गटांच्या हद्दी मिळवल्या की दोन चुका एकमेकींवर बसतात, कारण जुने गावनकाशे डिजिटल करताना त्यांच्या हद्दीही उपग्रह चित्राशी तंतोतंत जुळत नाहीत. या फाइली जागा शोधायला छान, 'रस्ता आपल्या बांधाबाहेरून जातो' हे ठरवायला निरुपयोगी.

गुण द्यायचे तर रंगीत भाग नकाशाला पाचपैकी चार, एक गुण प्रमाणाच्या मर्यादेमुळे कमी. झोन दाखल्याला तीन, नीट प्रश्न विचारून मागितला असेल तर साडेतीन. मुंबईच्या ऑनलाइन रिमार्कला चार. संकेतस्थळावरच्या पीडीएफला अडीच. फिरत्या फाइलींना गुण देत नाही.

वेळ आणि पाठपुरावा

दोन्ही कागद महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खालच्या सेवांमध्ये मोडतात. मुदत, शुल्क, पदनिर्देशित अधिकारी आणि अपील अधिकारी यांची नावं कार्यालयात फलकावर लावलेली असायला हवीत. उशिराचं नेहमीचं कारण त्रुटी. अर्ज स्वीकारताना काही बोलत नाहीत, मुदत संपता संपता 'नकाशा अस्पष्ट' म्हणून परत करतात. त्यासाठी अर्ज देतानाच पोच घ्यावी, त्यावर आवक क्रमांक आणि जोडलेल्या कागदांची यादी असावी. यादी पोचेवर असली की 'कागद नव्हता' हे कारण चालत नाही.

मुदतीत कागद मिळाला नाही किंवा अर्ज फेटाळला, तर ३० दिवसांत पहिलं अपील करता येतं, त्यानंतर दुसरं, आणि शेवटी राज्य सेवा हक्क आयोग. विनाकारण उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. अपिलाचा मसुदा लांबवू नये: आवक क्रमांक, तारीख, मुदत कधी संपली, एवढं पुरतं. दाखला मिळाला पण अपुरा असेल, म्हणजे रस्त्याची रुंदी किंवा प्रारूप योजनेचा उल्लेख सुटला असेल, तर अपिलात वेळ घालवण्यापेक्षा त्याच आवक क्रमांकाचा हवाला देऊन सुधारित दाखल्याचा एक पानी अर्ज द्यावा. मूळ अर्जात ते प्रश्न लिहिलेले असतील तर पुन्हा शुल्क मागायला कार्यालयाकडे कारण उरत नाही.